सेंद्रिय भाजी म्हणजे नेमकं काय? जास्तीचे पैसे कशाचे मोजायचे?

कोलशेतची_आई (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. लेक आठ महिन्यांची झाली. वरणाच्या पाण्यावरून आता कुस्करलेल्या भाज्यांवर आली आहे, आणि तेव्हापासून मी भाजीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले आहे.

आमच्या सोसायटीत दर शनिवारी एक टेम्पो येतो, ‘ऑरगॅनिक’ अशी पाटी लावून. पालकाची जुडी ५० रुपये. तशीच जुडी जांभळी नाक्याला २० ला मिळते. पाच महिने मी टेम्पोवरूनच घेते आहे. आज सहज विचारलं की माल कुठून येतो, काही प्रमाणपत्र आहे का. आधी उत्तर आलं ‘नाशिककडून’. मग ‘आमचे ठरलेले शेतकरी आहेत’. आणि शेवटी, ‘ताई, पानात अळी दिसतेय ना, औषध मारलं असतं तर ती राहिली असती का?’

घरी येऊन पिशवी नीट पाहिली. ‘१००% ऑरगॅनिक’ एवढंच छापलेलं. पत्ता नाही, नंबर नाही, कुठला शिक्का नाही. त्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही, कारण मला ते माहीतच नाही. पण पाच महिने ज्याचे अडीच पट पैसे देते आहे ते काय आहे, हे मला सांगता येत नाही, हेच टोचतंय.

सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी सगळी भाजी अशीच यायची, तिला वेगळं नाव नव्हतं. मग आता नाव कशाला मिळालं आहे? फवारलेली नाही, की खत घातलेलं नाही, की तपासलेली आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

---

नौपाडा_आजी (शनिवार, रात्री १०:०५)

चांगला विषय. मीही वाचते आहे. माझं मत एवढंच की ओळखीच्या भाजीवालीकडून घ्यावी आणि दोनदा धुवावी.

---

मृदा_परीक्षक (शनिवार, रात्री ११:१५)

मी कृषी पदवीधर. काही वर्षं सेंद्रिय शेतांच्या तपासणीचं काम केलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

सगळ्यात आधी, सेंद्रिय हे भाजीचं वर्णन नाही, ती पिकवायच्या पद्धतीचं आहे. दोन पालक समोर ठेवले तर रंग, वास, अळीची भोकं यांवरून कुणालाही सेंद्रिय कुठला ते ओळखता येत नाही. मलाही नाही. अळी तर काहीच सिद्ध करत नाही. पंधरा दिवसांपूर्वी फवारलेल्या पिकावर आज अळी असू शकते, फवारणीला दाद न देणारी अळी तर फवारल्या दिवशीही असते. उलट थंडीत, जाळीखाली, वेळेवर सापळे लावून वाढवलेला सेंद्रिय पालक एकदम स्वच्छ निघतो.

पद्धत म्हणजे काय? युरिया, डीएपी यांसारखी कारखान्यातली खतं नाहीत. कृत्रिम कीटकनाशकं, बुरशीनाशकं, तणनाशकं नाहीत. जनुक बदललेलं बियाणं नाही. शहराच्या सांडपाण्याचा गाळ खत म्हणून नाही. माल निघाल्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया नाही. एवढी ‘नाही’ची बाजू. पण तपासणीला गेल्यावर माझा जास्त वेळ दुसऱ्या बाजूत जायचा. पिकांची फेरपालट होते का, शेणखत आणि कंपोस्ट कुठून येतं, द्विदल पीक घेतात का, बियाण्याच्या पावत्या आहेत का, फवारणीचा पंप शेजाऱ्याकडून उसना आणतात का. उसना पंप हा फार मोठा मुद्दा असतो, त्यात आधीच्या औषधाचा अंश राहतो.

आणि आज औषध बंद केलं म्हणून उद्यापासून शेत सेंद्रिय होत नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांत हंगामी पिकांसाठी पेरणीआधी साधारण दोन वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवर्षीय पिकांसाठी पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं रूपांतराचा काळ धरतात. त्या काळात शेतकरी नियम सगळे पाळतो, उत्पन्न घटलेलं असतं आणि माल मात्र सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. बहुतेक जण इथेच सोडतात.

आता शिक्क्यांचं. भारतात दोन वाटा आहेत. एक वर सांगितलेला राष्ट्रीय कार्यक्रम, २००१ पासूनचा, मुळात निर्यातीसाठी ‘अपेडा’च्या, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, देखरेखीखाली उभा राहिलेला. त्यात बाहेरची प्रमाणीकरण संस्था येऊन तपासते. दुसरी पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभाग हमी पद्धत. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो आणि एकमेकांची हमी घेतो. खर्च खूप कमी, म्हणून लहान शेतकऱ्याला परवडते. रूपांतरात असलेल्या मालाला ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असा वेगळा शिक्का असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे. त्यानुसार पॅकबंद सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’ चिन्ह हवं, आणि ते या दोनपैकी एका वाटेनं आलेल्या मालालाच मिळतं.

कोलशेतची_आई, तुमच्या पिशवीवर ते नाही. एक सूट आहे, तीही सांगतो. वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असलेला लहान शेतकरी किंवा शेतकऱ्यांची संस्था थेट ग्राहकाला विकत असेल तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण चिन्हही वापरता येत नाही. टेम्पोवाला स्वतः पिकवत नसेल, पाच ठिकाणचा माल गोळा करून विकत असेल, तर तो या सुटीत बसतो का, हे त्यालाच विचारायला हवं.

---

तुर्भे_गाळा (रविवार, सकाळी ६:५०)

मी वाशीच्या मार्केटला भाजीच्या धंद्यात आहे. वरच्या साहेबांनी नियम सांगितले, मी मालाचा प्रवास सांगतो. रात्री गाड्या लागतात. नाशिक, पुणे, सातारा, कुठून कुठून. एका गाडीत दहा-पंधरा शेतकऱ्यांचा माल. उजाडेपर्यंत निम्मा गेलेलाही असतो. गोणी फुटते, क्रेट बदलतात, दोघांची मेथी एका ढिगात जाते. यात कुणाची लबाडी नाही, पालेभाजी दुपारपर्यंत टिकत नाही म्हणून घाई असते. पण एकदा ढिगात गेली की ती कुणाची हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून म्हणतो, सेंद्रिय माल घ्यायचाच असेल तर तो शेतापासून तुमच्या दारापर्यंत वेगळा आला पाहिजे. वाटेत कुठे मोठ्या बाजारातून ‘भर’ घातली जाते का, ते विचारा. पाऊस जास्त झाला की शेतकऱ्याचा माल कमी पडतो आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर तर ठरलेली असते. तेव्हाच भर पडते.

---

कोलशेतची_आई (रविवार, सकाळी ८:२०)

@तुर्भे_गाळा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. जुलैत सगळीकडे पालक मिळत नव्हता तेव्हाही टेम्पोवर होता. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

---

ऐरोलीकर (रविवार, सकाळी १०:३०)

मी प्रयोगशाळेत रसायनांच्या विश्लेषणाचं काम करतो. तीन गोष्टी लिहितो.

पहिली शब्दाची. ‘केमिकल फ्री भाजी’ ही पाटी पाहिली की मला वाईट वाटतं, कारण तिला काही अर्थच नाही. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. त्या अर्थानं युरियासुद्धा सेंद्रिय आहे. १८२८ साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञानं तो प्रयोगशाळेत बनवला आणि सजीवांशिवाय अशी संयुगं होत नाहीत हा समज ढासळायला लागला. शेतीतला ‘ऑर्गॅनिक’ वेगळ्या घराण्यातला. १९४० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये शेत हा एक सजीव आहे, त्याचे अवयव एकमेकांवर जगतात, या अर्थानं तो वापरात आला. त्याच्या आधी अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला कंपोस्टचे प्रयोग करत होते, इथल्या शेतकऱ्यांकडून शिकत. म्हणजे नाव बाहेरून आलं असलं तरी त्यातली बरीच विद्या आपल्याच मातीतली. म्हणून तुमच्या सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे.

दुसरी. सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही, असं नाही. निंबोळी अर्क फवारतात. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मर्यादेत चालतं, गंधक चालतं. तांबं जमिनीत साठतं, म्हणून तर मर्यादा आहे. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ असं समजू नका.

तिसरी, अवशेषांची. आपल्याकडे प्रत्येक पीक आणि प्रत्येक कीटकनाशक यांच्या जोडीला कमाल मर्यादा ठरवलेली असते. जिथे वेगळी ठरवलेली नाही तिथे साधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे १०० टन भाजीत १ ग्रॅम. मर्यादेच्या आत अवशेष सापडला म्हणजे विषबाधा झाली, असं नसतं. साध्या शेतीतला प्रत्येक पालक विषारी, असं कृपया कुणी इथे लिहू नका. मर्यादा ओलांडलेले नमुने सापडतात हेही खरं, पण सगळे नाही.

एक भाजी तपासून घेते म्हणाल तर शेकडो कीटकनाशकांची एकत्र चाचणी काही हजार रुपयांना पडते. आणि ती त्या दिवशीच्या त्या जुडीबद्दल सांगते, पुढच्या शनिवारच्या नाही.

---

नेरूळचा_वाचक (रविवार, सकाळी ११:१०)

मग ‘रेसिड्यू फ्री’ म्हणून जे दुकानांत मिळतं ते काय? आणि ‘नैसर्गिक शेती’?

---

मृदा_परीक्षक (रविवार, दुपारी १२:००)

@नेरूळचा_वाचक, ‘रेसिड्यू फ्री’मध्ये रासायनिक खत आणि औषध दोन्ही वापरलेलं असू शकतं. फक्त काढणीच्या वेळी चाचणीत अवशेष ठरावीक पातळीखाली असतात. प्रामाणिकपणे केलं तर चांगली गोष्ट आहे, पण सेंद्रिय नाही. आपल्या द्राक्षवाल्यांनी हे काम फार मेहनतीनं उभं केलं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, बागायतदार अक्षरशः रस्त्यावर आले. त्यानंतर नाशिककडे कुठलं औषध कधी बंद करायचं याची शिस्त आणखी कडक झाली. गंमत नाही, दुःख वाटतं, की युरोपला जाणाऱ्या घडाची जेवढी तपासणी होते तेवढी ठाण्यात विकल्या जाणाऱ्या भेंडीची होत नाही.

नैसर्गिक शेती म्हणजे बाहेरून विकतचं काहीच आणायचं नाही, देशी गाईचं शेण, गोमूत्र, आच्छादन यांवर भागवायचं. आपल्याकडे ती विदर्भातल्या सुभाष पाळेकरांमुळे घरोघरी पोचली, त्यांना २०१६ ला पद्मश्री मिळाली. सेंद्रियात गांडूळ खत, पेंड विकत आणलेली चालते, पाळेकरांना ते मान्य नाही. ग्राहकाच्या दृष्टीनं दोन्हीकडे प्रश्न तोच, केलं आहे हे कोण सांगतं आणि कशावरून.

---

मुरबाडची_माती (रविवार, रात्री ८:४५)

मी मुरबाड तालुक्यातला. घरची अडीच एकर. भात, त्यावर वाल, आणि विहिरीवर तीस गुंठे भाजी. पाच वर्षं झाली औषध बंद करून. आमचा सात जणांचा पीजीएस गट आहे. टायपायला वेळ लागतो, चूकभूल माफ करा.

भेंडीचं सांगतो म्हणजे सगळं कळेल. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, फवारल्यावर इतके दिवस तोडू नका. इतके दिवस म्हणजे किती ते औषधागणिक वेगळं. पण झाड थांबत नाही ना. आज फवारली, उद्या तोड आहे. तोड सोडली तर शंभर झाडांचा माल वाया, वर झाड बसतं. मग शेतकरी काय करतो? तोडतो. वांगी, काकडी, कारली, मिरची, सगळ्यांचं हेच. माणूस वाईट नसतो, पीकच असं आहे. म्हणून मी म्हणतो की गहू-ज्वारीपेक्षा या रोज तोडायच्या भाज्यांत फरक जास्त पडतो.

मी काय करतो? फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून अडकवणारे. मावा-तुडतुड्यांसाठी पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क. बांधावर झेंडू, मका. किडकं फळ रोज वेचून लांब पुरायचं, हे काम आईचं. जीवामृत जमिनीला, २०० लिटरच्या टाकीत १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. पहिल्या वर्षी भेंडी निम्म्यानं घटली. दुसऱ्या वर्षीही तेच. घरात भांडणं झाली, वडील दोन महिने माझ्याशी बोलत नव्हते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर माती उचलली. नांगराला माती हलकी लागायला लागली, हे वडिलांनीच सांगितलं.

आता खरं अडचणीचं. माझं भाताचं खाचर खालच्या अंगाला. वरच्या खाचरात शेजारी युरिया टाकतो. पावसाचं पाणी वरून खालीच येणार. सेंद्रिय करायचं म्हणून मी डोंगराचा उतार बदलू शकत नाही. गटानं सांगितलं, वरच्या बाजूला चर काढ आणि पाणी बाजूनं ने. दोन उन्हाळे चर खणला. तरी माझ्या वरच्या दोन खाचरांचा भात मी सेंद्रिय म्हणून विकत नाही, घरी खातो. वाल मात्र बिनधास्त विकतो. भातानंतरच्या ओलीवर येतो, त्याला ना खत लागतं ना औषध. आमच्याकडे वाल असाच होतो, पूर्वीपासून. पावसाळ्यातल्या रानभाज्याही तशाच. टाकळा, कुर्डू, शेवळं, कंटोळी. ठाण्यात आमच्या बायका टोपलीत घेऊन बसतात ना, त्यांच्याकडे कसलंच लेबल नाही. ते कुणी पिकवलेलंच नाही.

---

नौपाडा_आजी (रविवार, रात्री ९:१५)

@मुरबाडची_माती, बाळा, फार छान लिहिलंस. चुका कुठे दिसल्या नाहीत. शेवळं आणशील तेव्हा काकडं पण आण रे, त्याशिवाय खाजतात.

---

तीन_हात_नाका (रविवार, रात्री १०:००)

मी थोडं विरुद्ध लिहितो, राग नसावा. सगळ्यांनी सेंद्रिय केलं तर पुरणार आहे का? २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात सेंद्रिय उत्पादन सरासरी सुमारे १९ टक्के कमी आढळलं. आणि श्रीलंकेचं ताजं उदाहरण आहे. २०२१ मध्ये एप्रिल-मे दरम्यान रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली, भाताचं पीक पडलं, नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. ज्या घरात महिन्याचा किराणा मोजून भरतात त्यांना ५० रुपयांचा पालक घ्या असं सांगणं मला पटत नाही. भाजी कमी खाण्यापेक्षा साधी भाजी भरपूर खाल्लेली बरी.

---

ऐरोलीकर (रविवार, रात्री १०:२५)

शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही, कीटकनाशकांचे अवशेष सापडण्याचं प्रमाण मात्र सेंद्रियात स्पष्ट कमी होतं. २०१४ मध्ये न्यूकॅसलच्या गटानं ३४३ अभ्यास घेतले. त्यांना सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी दिसला. म्हणजे पोषणाबद्दल वाद आहे, अवशेषांबद्दल फारसा नाही.

---

मृदा_परीक्षक (रविवार, रात्री ११:०५)

@तीन_हात_नाका, श्रीलंकेचं उदाहरण बरोबर, पण ते सेंद्रियचं कमी आणि घाईचं जास्त. सिक्कीमनं २००३ मध्ये ठरवलं आणि २०१६ मध्ये जाहीर केलं. मधली तेरा वर्षं माती तयार व्हायला गेली. वर मुरबाडच्या दादांनी दोन पडलेली वर्षं सांगितली, ती पूर्ण देशावर एका हंगामात लादली तर काय होणार?

किमतीचं मात्र मान्य आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

खारघर_वऱ्हाडी (सोमवार, रात्री १२:१०)

लिहू की नको असं करत होते. मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. इथे सगळे आपल्या ताटातल्या अवशेषाबद्दल बोलताहेत, किलोला किती मिलिग्रॅम. मला दुसऱ्या टोकाचं सांगायचं आहे.

२०१७ च्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळी आली. फवारणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर फवारा. दोन-दोन औषधं मिसळून, कुणाकडे मास्क नाही, उघडे पाय, दिवसभर दमट हवा. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पेपरात सगळं आलं होतं. माझा चुलतभाऊ त्या शेकड्यांतला एक. तो मजुरीनं फवारायला जायचा. अकरा दिवस दवाखान्यात होता. दोन दिवस त्याला दिसतच नव्हतं, काकू त्याचा हात धरून बसली होती आणि तो विचारत होता की लाइट गेली का. वाचला. आता फवारणीला जात नाही, पण दुसरं काम वर्षभर मिळतही नाही.

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मला हे इथे खारघरला आल्यावर, वाचून कळलं. त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. डब्यावरची अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही वाचता येत नाहीत.

तुमच्या मुलीच्या ताटात जे येतं ते धुऊन, शिजवून, मोजून थोडंसं उरलेलं असतं. त्याच्या अंगावर ते पूर्ण येत होतं. मी सेंद्रिय घेते, जमेल तेवढं घेते, महिन्यात दोन-तीनदाच जमतं. ते माझ्या तब्येतीसाठी नाही घेत.

---

तीन_हात_नाका (सोमवार, सकाळी ७:३०)

ताई, हा विचार मी केला नव्हता. भावाला माझा नमस्कार सांगा.

---

कोलशेतची_आई (सोमवार, सकाळी ९:०५)

रात्री वाचलं, नंतर झोप लागली नाही. मी धागा काढला तेव्हा माझ्यासमोर फक्त लेकीची वाटी होती.

---

नेरूळचा_वाचक (सोमवार, दुपारी १:२०)

विषय थोडा बाजूला नेतो. रेल्वे रुळांच्या कडेला जी भाजी पिकते, तिचं काय? रोज लोकलमधून दिसते. तिथे औषध कमी मारत असतील, पण पाणी नाल्याचं दिसतं.

---

मृदा_परीक्षक (सोमवार, दुपारी २:००)

औषध न मारणं आणि सेंद्रिय असणं यातला फरक दाखवायला हेच उदाहरण चांगलं आहे. पाण्यातून शिसं, कॅडमियम आलं तर ते पालेभाजीत मुरतं आणि धुऊन जात नाही. त्यामुळे सेंद्रिय तपासणीत पाण्याचा स्रोत विचारला जातोच. मी तरी अशी पालेभाजी लहान मुलांना देणार नाही.

---

वाशी_सेक्टर१७ (सोमवार, दुपारी ३:१०)

धुण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. मीठ, हळद, चिंच, व्हिनेगर, नक्की काय?

---

ऐरोलीकर (सोमवार, संध्याकाळी ६:४०)

वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं हे पहिलं आणि सर्वांत उपयोगी. २०१७ मध्ये अमेरिकेत सफरचंदांवर प्रयोग झाला. खाण्याच्या सोड्याच्या १ टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन औषधं बहुतांश निघाली. पण त्यातलं एक औषध सालीच्या आत झिरपलेलं होतं, तेवढं राहिलंच. आंतरप्रवाही औषधं मुळातूनच झाडाच्या रसात जातात, त्यांच्यापुढे धुणं अपुरं. साल काढण्यासारखी असेल तर काढा. कोबी-फ्लॉवरची बाहेरची पानं टाका.

आणि सेंद्रिय भाजीही तितकीच धुवा. शेण-कंपोस्ट नीट कुजलेलं नसेल तर जंतू येतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमुळे ई-कोलायची साथ आली, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि ते मोड सेंद्रिय शेतातले होते. आठ महिन्यांच्या बाळाला कच्चं काही देऊच नका, शिजवून द्या.

---

मुरबाडची_माती (सोमवार, रात्री ९:००)

बरोबर आहे सरांचं. जीवामृत आम्ही पालेभाजीच्या पानांवर मारत नाही, मुळाशी देतो. तरी धुऊनच घ्या.

---

कोलशेतची_आई (गुरुवार, रात्री ९:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते.

टेम्पोवाल्यांना फोन करून चार गोष्टी विचारल्या. शेत कुणाचं आणि कुठल्या गावात? गट किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक काय? माल कमी पडला की भर कुठून घालता? शेत बघायला येऊ का? पहिल्या दोन्हींना ‘शनिवारी सांगतो’. तिसऱ्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘पावसाळ्यात घ्यावा लागतो बाहेरून’. खरं बोलले याबद्दल मला बरं वाटलं. पण मी म्हटलं, मग त्या दिवशी पाटी काढून ठेवा आणि भावही साधा लावा. बघू काय करतात ते.

घरात आम्ही असं ठरवलं आहे. सगळं सेंद्रिय आम्हाला परवडत नाही, हे आधी एकमेकांशी मोकळेपणानं बोललो. कांदे, बटाटे, दुधी, केळी नेहमीसारखी मार्केटमधून. रोज तोडायच्या भाज्या आणि पालेभाज्या, म्हणजे भेंडी, वांगी, मिरची, पालक, शक्य तितक्या माहितीतल्या शेतकऱ्याकडून. पावसाळ्यात पालक नाही मिळाला तर नाही. सासूबाई म्हणाल्या, श्रावणात पालक कोण खातं, टाकळा आणा. वाल घरात सगळ्यांनाच आवडतो, तो मुरबाडचाच घेणार.

@खारघर_वऱ्हाडी, तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे, वेळ मिळेल तेव्हा बघा.

@मुरबाडची_माती दादा, तुमच्याकडे रविवारी यायचं म्हणतो आहोत. मी, नवरा, सासूबाई आणि लेक. आमच्या सोसायटीतली अजून तीन घरं तयार आहेत. चालेल का? कल्याणहून एसटीनं यायचं की गाडीनं?

---

मुरबाडची_माती (गुरुवार, रात्री १०:१०)

या ना ताई, नक्की या. गाडीनं आलात तर बरं, एसटी फाट्यावर सोडते, तिथून दोन किलोमीटर चढ आहे आणि बाळ लहान. जेवायला इकडेच, आई म्हणते वालाचं बिरडं करते. चर बघायचा असेल तर पायात बूट घाला. भेंडीची तोड सकाळी सातला असते, ऊन वाढलं की भेंडी मलूल पडते, तेव्हा जमेल तितकं लवकर निघा. आल्यावर तोडायला हात लावलात तरी चालेल, फक्त लांब बाह्यांचा सदरा आणा. भेंडीची लव हाताला खाजते.